सरड्याच्या अंड्यांची उबवण : जालना जिल्ह्याच्या हवामानातील पहिला प्रयत्न

घरातील तसबिरीच्या मागे किंवा खिडकीच्या फटीत पालीची दोन पांढरीशुभ्र, वाटोळी अंडी ज्याने कधी पाहिली नाहीत असा मनुष्य आपल्याकडे विरळा. त्या अंड्यांवर कोणी पाणी शिंपडीत नाही, कोणी त्यांस ऊब देत नाही, आणि त्यांची आई तर ती घालून केव्हाच निघून गेलेली असते. तरीही दीड-दोन महिन्यांनी त्यांतून पिले बाहेर पडतात व मागे टणक, कुरकुरीत टरफले उरतात. आता पालींचाच एक नातलग, लेपर्ड गेको, घ्या. गेल्या काही वर्षांत हा प्राणी हौसेने पाळणारे लोक आपल्या शहरांतून दिसू लागले आहेत. त्याच्या मादीने घातलेली दोन अंडी घरच्या पालीच्या अंड्यांप्रमाणे कोरड्या कपाटात ठेवून दिली, तर थोड्याच दिवसांत ती खोलगट होतात, सुरकुततात आणि मरतात. दोन्ही प्राणी पालवर्गातले, दोन्ही अंडी पांढरी, आकारही फारसा भिन्न नाही. मग हा फरक कशाचा? पहिल्यानेच अंडी उबवू पाहणाऱ्या अभ्यासकाने या प्रश्नापासून आरंभ केला तर पुढच्या पुष्कळ चुका टळतात.

उत्तर कवचात आहे. घरच्या पालीच्या अंड्याचे कवच चुन्याचे, जाड व टणक असते. आतले पाणी ते सहसा बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरच्या पाण्याची त्याला गरजही नसते. पिलू घडावयास लागणारी सारी शिदोरी घेऊनच ते अंडे जन्माला येते. लेपर्ड गेकोच्या आणि आपल्या शेताबांधावरील सरड्याच्या अंड्याचे कवच मात्र चामड्यासारखे लवचीक असते. या अंड्यांत श्वेतक जवळजवळ नसते; असतो तो मुख्यत्वे पीतक. भ्रूणाच्या वाढीस लागणारे पाणी कवचातून भोवतालच्या मातीतूनच आत यावे लागते. म्हणून घातल्यावर लहानखुरे दिसणारे सरड्याचे अंडे पुढे फुगत जाते, आणि पिलू बाहेर पडण्याच्या सुमारास त्याचे वजन आरंभीच्या दुपटीच्याही पुढे गेलेले असू शकते. कोंबडीचे अंडे उबवणीच्या काळात वजनाने घटते, सरड्याचे वाढते. तेव्हा कोंबडीच्या अंड्यावरून बांधलेली कोणतीही कल्पना येथे लागू करताना सावध असावे. सरड्याचे अंडे पाहून बियाण्याची आठवण व्हावी. बीही प्रथम पाणी पिते, फुगते आणि मग अंकुरते.

जालन्याच्या वाचकाला ही तुलना दूरची वाटू नये. बियाण्यांच्या उद्योगासाठी हे शहर देशभर ओळखले जाते, आणि उगवण-चाचणी म्हणजे काय हे येथील अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. बी कोरड्या वाळूत उगवत नाही व पाण्यात बुडविले तर कुजते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर त्याला वाफसा लागतो. वाफसा हा शब्द मला या विषयात फार मोलाचा वाटतो, कारण त्यात ओल आणि हवा या दोहोंचा समतोल एकाच वेळी सांगितलेला आहे. सरड्याच्या अंड्याला नेमका वाफसा हवा. भ्रूण श्वास घेतो; त्याच्या अपरापोषिकेतील रक्तवाहिन्या कवचाच्या आतल्या बाजूस पसरून बाहेरील प्राणवायू घेतात. कवचाभोवती पाणी साचले की ही वाट बंद होते. प्रस्तुत लेखकाने आपल्या पहिल्या प्रयत्नात दोन अंडी ओल्याचिंब कापसात, मोठ्या मायेने, गुंडाळून ठेवली होती. तिसऱ्या आठवड्यात ती राखाडी पडली आणि त्यांवर बुरशी आली. ती तहानेने नव्हे, गुदमरून मेली होती.

ओल किती असावी, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी टक्केवारीत विचारतात. तो तसा विचारणे चुकीचे आहे. अंड्याच्या दृष्टीने पाणी किती आहे यापेक्षा ते मातीने किती घट्ट धरून ठेवले आहे हे महत्त्वाचे. जालना जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनीत वजनाच्या वीस टक्क्यांइतके पाणी असूनही पीक कोमेजू शकते, कारण चिकणमातीचे बारीक कण ते पाणी सोडीत नाहीत. वाळूत पाच टक्के पाणी असले तरी ते सहज मिळते. मृदाशास्त्रज्ञ ही ओढ किलोपास्कलमध्ये मोजतात. जमिनीची जलधारणक्षमता उणे ३३ च्या आसपास व कोमेजण्याचा बिंदू उणे १५०० च्या आसपास धरला जातो. अंडे ठेवावयाचे माध्यम या दोहोंच्या दरम्यान, आणि पहिल्या टोकाच्या बरेच जवळ असावे. व्यवहारात याचा सोपा मार्ग म्हणजे भाजीपाल्याच्या रोपवाटिकांतून वापरले जाणारे व्हर्मिक्युलाईट. ते वजनाने जितके, तितकेच वजनाने पाणी घालून कालवावे. मुठीत दाबले असता गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये. काळी माती मात्र, ती कितीही आपली असली तरी, या कामी घेऊ नये. ओली झाली की ती हवा कोंडते आणि वाळली की आकसून भेगाळते. शेतात सरडीला ती टाळता येते, डब्यातल्या अंड्याला येत नाही.

डबा झाकणाचा असावा. झाकणास दोन-चार बारीक छिद्रे पुरेत. अंडी माध्यमात अर्धी रुतवून ठेवावीत. डबा, माध्यम व अंडी यांचे एकूण वजन पहिल्या दिवशी करून ते झाकणावरच लिहावे आणि दर आठवड्यास पुन्हा वजन करावे. जितके ग्रॅम घटले तितके पाणी कडेने, अंड्यांवर न पाडता, घालावे. एवढ्या साध्या नोंदीने ‘अंदाजाने शिंपडणे’ हा या विद्येतला सर्वांत मोठा शत्रू निकालात निघतो.

आता उष्णतेकडे वळू. लेखाचा खरा विषय तोच आहे.

उबविणे या शब्दातच ऊब आहे. कोंबडी अंड्यांवर बसते ती आपल्या अंगाची ऊब देण्यासाठी. सरडी अंड्यांवर बसत नाही. पुढच्या पायांनी खळगा उकरून ती त्यात अंडी घालते, माती लोटून खळगा बुजविते, तोंडाने माती ठोकून बसविते आणि निघून जाते. या सरड्याच्या जीवनक्रमावर व अंडी घालण्याच्या रीतीवर जे. जे. आसना यांनी १९३१ साली आणि पुन्हा १९४१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले होते. जुन्या निरीक्षकांची चिकाटी पाहावयाची असेल तर ते लेख आजही वाचावेत. पुढचे सारे काम जमीन करते. मात्र सरड्यांच्या उबवणीविषयी आज जी हस्तपुस्तके मिळतात त्यांपैकी बहुतेक थंड देशांतील हौशी लोकांनी थंड देशांसाठी लिहिलेली आहेत. त्यांची खोली वीस अंशांची असते व त्यांना तीस अंश हवे असतात. म्हणून त्यांची सगळी युक्ती खोली तापविण्याची. जालन्यात मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत तर त्याहूनही पुढे. लेपर्ड गेकोची अंडी सतत ३५ अंशांच्या वर राहिली तर पिलू वाचण्याची आशा धरू नये. परदेशी पुस्तक वाचून उबवणयंत्र विकत आणणाऱ्या येथील अभ्यासकाला लवकरच कळून चुकते की त्याच्या यंत्राला तापविता येते, थंड करता येत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये त्याला उलट क्रियेची गरज आहे. आपल्याकडे उबविणे म्हणजे वर्षाचा बराच काळ थंड राखणे होय.

शेतावरल्या सरड्याने हा प्रश्न ऋतू निवडून सोडविला आहे. त्याचा विणीचा काळ पावसाळ्याशी निगडित आहे. मे अखेरीस नरांची गळ्यामाथ्यावरील लाली दिसू लागते व पावसाने जमीन मऊ झाली की माद्या अंडी घालतात. जुलै-ऑगस्टमध्ये जालन्याची हवा साधारणपणे बावीस ते तीस अंशांत खेळते, आणि मातीच्या आत हा खेळ आणखी मंदावतो. दिवस-रात्रीच्या तापमानाची लाट जमिनीत उतरताना क्षीण होत जाते. ढोबळमानाने दर दहा-बारा सेंटिमीटर खोलीस तिचा आवाका साधारण एक-तृतीयांशावर येतो आणि कमाल तापमानाची घटका सुमारे चार तासांनी मागे पडते. पृष्ठभागावर दुपारी दोनला जो कडाका असतो त्याचा सौम्य प्रतिध्वनी तेवढ्या खोलीवर संध्याकाळी पोहोचतो. माळवदाच्या घरात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे निराळे सांगावयास नको. मातीचे जाड छप्पर आणि रुंद भिंती हेच काम करीत असत.

पाळीव प्राण्याची गोष्ट वेगळी. तो आपल्या पावसाळ्याची वाट पाहत नाही. लेपर्ड गेकोची मादी बंदिवासात वर्षाच्या आरंभापासूनच अंडी घालू लागू शकते, दर खेपेस बहुधा दोन, आणि अशा अनेक खेपा. मार्चमधली अंडी म्हणजे एप्रिल-मेची उबवण. अशा वेळी उत्तम साधन म्हणजे बी.ओ.डी. कपाट, जे तापवितेही व थंडही करते. बियाण्यांच्या प्रयोगशाळांतून ते असते आणि बहुतेक प्राणिशास्त्र विभागांतूनही असावे. ज्याला ते उपलब्ध नाही त्याने उन्हाळ्यात माठाचा आश्रय करावा. मोठ्या कुंडीत ओली वाळू भरून तीत लहान माठ बसवावा व माठात डबा ठेवावा. हवा चाळीस अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता वीस टक्के असेल तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे बावीस अंश येते. बाष्पीभवनाने तत्त्वतः तेथपर्यंत उतरता येते. प्रत्यक्षात त्याहून काही अंश वरच थांबावे लागते, पण आपल्याला हवे तेही तेवढेच असते. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते व ही युक्ती निकामी ठरते. सुदैवाने तेव्हा तिची गरजही उरत नाही. रेशीम कीटक पाळणाऱ्या शेतकऱ्यांना हे सारे पाठ असते. जालन्यात २०१८ साली कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि या व्यवसायाला जिल्ह्यात चांगला आधार मिळाला. अंडीपुंज पंचवीस अंशांच्या आसपास ठेवणे, शेडवर ओली पोती टाकणे, दोन वेळा तापमान व आर्द्रता पाहणे या गोष्टी तो शेतकरी पोटासाठी करतो. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने एखादा आठवडा अशा शेडमध्ये काढला, तर कोणत्याही हस्तपुस्तकाहून अधिक शिकेल असे माझे मत आहे.

अंडे जिवंत राहणे एवढाच प्रश्न असता तर २६ ते ३० अंशांत कोठेही डबा ठेवून भागले असते. पण अनेक सरड्यांमध्ये पिलू नर होणार की मादी हे अंडे कोणत्या तापमानात वाढले यावर ठरते. सरपटणाऱ्या प्राण्यांतील हा परिणाम प्रथम नोंदविला तो माडलेन शार्निये या फ्रेंच संशोधिकेने, १९६६ साली, सेनेगालमधील डाकार येथे. आणि तिचा प्राणी आपल्या सरड्याच्याच कुळातील अगामा हा सरडा होता. लेपर्ड गेकोमध्ये सुमारे २६ अंशांवर जवळजवळ साऱ्या माद्या, ३२ ते ३३ अंशांवर बहुतांश नर, आणि ३४ च्या आसपास पुन्हा बहुतांश माद्या जन्मतात. ऑस्ट्रेलियातील दाढीवाला सरडा, म्हणजे बीअर्डेड ड्रॅगन, हाही पाळीव म्हणून सर्वत्र पसरला आहे. त्याला लिंगगुणसूत्रे आहेत. तरीसुद्धा सुमारे ३२ अंशांच्या वर उबविल्यास गुणसूत्रांनी नर असावयाची पिले माद्या होऊ लागतात, हे २००७ साली दाखविले गेले. म्हणजे डब्याची जागा ठरविणारा मनुष्य, त्याला कळो वा न कळो, पिलांचे लिंगही ठरवीत असतो.

आपल्या सामान्य सरड्याच्या बाबतीत स्थिती अधिक गुंतागुंतीची, आणि म्हणून अधिक मनोरंजक, आहे. या सरड्यात नर-मादी ओळखता येतील अशी वेगळी लिंगगुणसूत्रे आढळत नाहीत. वाराणसीचे एस. गणेश व राजीव रामन यांनी १९९५ साली असे प्रसिद्ध केले की टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाने भ्रूणाचे लिंग पालटते, परंतु तापमानाने पालटत नाही. पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात एल. एस. इनामदार-दोड्डमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सरड्याची अंडी निरनिराळ्या तापमानांत उबविली व २०१२ साली वेगळाच निष्कर्ष मांडला. सुमारे २३.५ अंशांवर माद्यांचे प्राबल्य, २५.५ वर नरांचे, २८.५ वर दोघे सारखे, ३१.५ वर पुन्हा माद्या आणि ३४ वर पुन्हा नर. मादी-नर-मादी-नर असा हा क्रम पूर्वी कोठे वर्णिला गेलेला नव्हता.

दोन विद्यापीठे, दोन काळजीपूर्वक केलेली संशोधने, आणि उत्तरे परस्परविरुद्ध. अशा वेळी एकास चूक ठरविण्याची घाई करू नये. तापमानांतील अंतर, पिलांची संख्या, लिंग ओळखण्याचे वय यांनी फरक पडू शकतो. आणखी एक शक्यता मला विचारात घेण्याजोगी वाटते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या रेणवीय अभ्यासाने असे दाखविले की दक्षिण आशियात कॅलोटिस व्हर्सिकलर या एकाच नावाने ओळखला जाणारा सरडा वस्तुतः अनेक वेगवेगळ्या वंशांचा आहे. गंगेच्या मैदानातील सरडा व धारवाडचा सरडा एकच जात आहे हे गृहीतच आता तपासून पाहावे लागेल. तसे असेल तर दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. जालना या दोहोंच्या मधल्या प्रदेशात, दख्खनच्या पठारावर, येते. येथील सरड्याविषयी वाराणसीचा निष्कर्ष लागू करावा की धारवाडचा, हे येथील प्राण्यावर काम केल्यावाचून ठरणार नाही.

अशा कामास हात घालणाऱ्याने सरासरी तापमानाच्या मोहात पडू नये. उदाहरणार्थ, डबा अर्धा दिवस २४ अंशांत व अर्धा दिवस ३२ अंशांत राहिला असे समजू. सरासरी २८. आता भ्रूणाची वाढ १८ अंशांच्या खाली थांबते आणि त्यावरील प्रत्येक अंशास सारखीच वाढते असे, केवळ हिशेबाच्या सोयीसाठी, मानू. मग थंड बारा तासांत वाढीचे ६ भाग होतील व उष्ण बारा तासांत १४. म्हणजे वाढीचे शंभरातले सत्तर भाग ३२ अंशांवर झाले. घड्याळाने दोन्ही तापमानांस समान वेळ दिला, पण भ्रूणाने दिला नाही. धारवाडच्या क्रमात २८ च्या आसपास नर-मादी सारखे येतात, तर ३१.५ वर माद्या. या डब्यातून काय निघेल हे सरासरीवरून कसे सांगणार? म्हणून प्रयोगात तापमान स्थिर राखावे. आणि घरच्या डब्यात ते स्थिर नसेल तर निदान दर दोन तासांचा आकडा नोंदविणारा तापमापक आत ठेवावा व लिंगाविषयी कोणताही दावा करू नये.

संख्येचाही विचार हवा. एका वेतातील बारा पिलांत आठ माद्या व चार नर निघाले की नवशिक्याला शोध लागल्यासारखे वाटते. पण नाणे बारा वेळा फेकले असता आठ-चार किंवा त्याहून विषम विभागणी, या बाजूस वा त्या बाजूस, शंभरात सुमारे ३९ वेळा केवळ योगायोगाने येते. त्यातून एका वेताची पिले भावंडे असतात. त्यांस बारा स्वतंत्र निरीक्षणे म्हणणे धाडसाचे. शिवाय न फुटलेल्या अंड्यांतील भ्रूणांचे लिंग पाहिले नसेल, तर विषम प्रमाण तापमानाने घडविले की एका लिंगाची पिले अधिक मेल्याने दिसले, हे कळत नाही. नुकत्याच जन्मलेल्या सरड्याचे लिंग बाहेरून पाहून सांगता येत नाही; त्यासाठी जननग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. हौशी पालकाने येथेच थांबावे. पुढचे काम संस्थेच्या प्राणी-नीती समितीच्या संमतीने, प्रयोगशाळेत करावयाचे आहे.

वय मोजण्यातही एक फसगत आहे. या सरड्याच्या वाढीच्या अवस्थांची मालिका मुथ्थुकरुप्पन व सहकारी यांनी १९७० साली सिद्ध केली. तीत पिलू बाहेर येईपर्यंत बेचाळीस अवस्था मानल्या आहेत. अंडे जमिनीत पडते तेव्हा यांतील अनेक अवस्था मादीच्या पोटातच उरकलेल्या असतात. अंडी घालावयास योग्य माती मिळाली नाही तर मादी ती धरून ठेवते, आणि धारवाडच्या निरीक्षणांनुसार अशा वेळी भ्रूणाची वाढ चौतिसाव्या अवस्थेपाशी थबकते. म्हणून ‘अंडी घातल्यापासून अमुक दिवस’ हा आकडा दोन माद्यांच्या बाबतीत एकाच अर्थाचा असेलच असे नाही. प्रत्येक वेतातील एक अंडे आरंभीच तपासून अवस्था नक्की करण्याची प्रयोगशाळेतील रीत याच कारणाने पडली आहे.

हाताळणीविषयी थोडक्यात सांगतो. अंडे सापडेल तेव्हा त्याच्या वरच्या बाजूस मऊ पेन्सिलीने खूण करावी व ती बाजू शेवटपर्यंत वरच ठेवावी. कोंबडीची अंडी फिरवावी लागतात. ही फिरवू नयेत. सुसर-मगर आणि कासवे यांच्या अंड्यांत भ्रूण वरच्या बाजूस कवचाला चिकटल्यानंतर उलथापालथ घातक ठरते. सरड्यांची अंडी हे थोडे अधिक सोसतात असे दिसते, पण ते सोसतात का याची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात घेण्याचे कारण नाही. आठवड्याभराने अंधारात बारीक विजेरी अंड्यास लावून पाहावी. तांबूस कडे व वाहिन्यांचे जाळे दिसले तर भ्रूण जिवंत आहे. सर्वत्र एकसारखा पिवळा उजेड दिसला तर बहुधा अंडे वांझ. तरी ते लगेच फेकू नये, वेगळे करून ठेवावे. आरंभीच्या दिवसांत अंड्यावर खळगा पडला तर ओल कमी आहे. शेवटच्या दिवसांत पडला व अंड्यावर दवासारखे थेंब आले, तर पिलू येत आहे. लक्षण एकच, अर्थ दोन. म्हणूनच तारखांची नोंद हवी. बुरशी बहुधा मेलेल्या अंड्यावर प्रथम येते. तिला मृत्यूचे कारण समजून औषधे शिंपडणारे लोक कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करतात.

लेपर्ड गेकोचे पिलू ३२ अंशांच्या आसपास साधारण सहा आठवड्यांत येते, २६ अंशांवर दोन महिन्यांहून अधिक घेते. तोंडाच्या टोकावरील अंडदंताने ते कवच चिरते, डोके बाहेर काढते आणि तासन् तास तसेच पडून राहते. या वेळी उरलेला पीतक पोटात ओढला जात असतो. मदत म्हणून त्याला बाहेर ओढणाऱ्याने पुष्कळ वेळा पिलू मारलेले आहे.

शेवटी कायद्याची बाब, कारण ती विज्ञानाइतकीच पहिल्या दिवसाची आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्षी व सरपटणारे प्राणी यांची अंडी समाविष्ट आहेत, आणि अशी अंडी नष्ट करणे किंवा अंडी व घरटी विस्कटणे यांचा ‘शिकार’ या संज्ञेत अंतर्भाव होतो. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे; नांगरताना वा विहिरीच्या कामात तिची अंडी उघडी पडली तरी ती घरी आणणे हा अपराध ठरतो. ती जागेवरच झाकावीत आणि वन विभागास कळवावे. हिरव्या इग्वानासारख्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी प्राण्यांची, त्यांच्या पिलांच्या जन्मासह, नोंद करणे २०२२ च्या सुधारणेने व २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. अंडी हलविण्याचे काम आपल्याकडे समाजाने रीतसर केल्याचे उत्तम उदाहरण कोकणात आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून वन विभाग व ग्रामस्थ यांच्या साहाय्याने सागरी कासवांची अंडी संरक्षित जागेत नेऊन उबविली. तेथेही अंडी लवकरात लवकर हलविणे, खळग्याची खोली मूळ घरट्याइतकी ठेवणे आणि वाळूचे तापमान याच बाबी निर्णायक असतात. सागरी कासवांत उष्ण वाळू माद्या देते.

तेव्हा जालन्याच्या सरड्याविषयी ज्याला खरोखर काही शोधावयाचे आहे त्याने पहिल्या वर्षी अंडी न आणता तापमापक पुरावेत. मोसंबीच्या आळ्यात एक, मुरमाड बांधावर एक, उघड्या काळ्या रानात एक, आठ ते दहा सेंटिमीटर खोलीवर, जूनच्या पहिल्या पावसापासून सप्टेंबर अखेरपर्यंत, दर दोन तासांस एक नोंद. शेतमालकाच्या अनुमतीखेरीज यास दुसरी कोणतीही परवानगी लागत नाही. आळ्यातील तापमान २५ अंशांच्या आसपास खेळते की २८ च्या, आणि बांधावरचे ३१ ला किती दिवस शिवते, हे आकडे हाती आल्यावर बी.ओ.डी. कपाटाची कळ कोणत्या अंकावर लावावयाची ते ठरविता येईल.